व्यायाम सुटतो तो आठवडा

गरोदर बाईला "व्यायाम करता का?" असं विचारणं आम्ही केव्हाच सोडून दिलं. उत्तर ठरलेलं असतं: "हो, चालते की." त्याऐवजी कागदावर चाळीस चौकोन आखतो, दहा-दहाच्या चार ओळी. एक चौकोन म्हणजे एक आठवडा, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला. गरोदरपणातल्या व्यायामाच्या वर्गाला बायका पहिल्यांदा येतात त्या बहुधा पाचव्या महिन्याच्या आसपास, त्यामुळे मागचे अठरा-वीस चौकोन आठवून भरायचे असतात. ज्या आठवड्यात थोडा दम लागेल असं काहीतरी निदान तीनदा केलं, तिथे बरोबरची खूण. नाही केलं, तिथे फुली. खुणा संपून फुल्या जिथे सुरू होतात, त्या चौकोनाखाली कारण लिहायचं. मग ते कारण कुठल्या आठवड्यात संपलं ते आठवायचं आणि त्या चौकोनाला गोल करायचा.

दहा मिनिटांचं काम, पण कागद बोलका निघतो. कारण जवळजवळ नेहमीच खरं असतं: उलट्या, रक्ताचा डाग, कामाची घाई, कंबर. 'आळस' असं लिहायची वेळ सहसा येत नाही. गंमत अशी, की गोल बहुतेक वेळा फुल्यांच्या मधोमध पडतो. उलट्या चौदाव्या आठवड्यात थांबल्या, फुल्या विसाव्यापर्यंत गेल्या. डाग सातव्या आठवड्यात दिसला, नवव्यात सोनोग्राफी झाली, सगळं ठीक निघालं, तरी फुल्या चालूच. व्यायाम बंद व्हायला कारण होतं, बंद राहायला नव्हतं. "थांब" म्हणायला घरात, दवाखान्यात, कामाच्या ठिकाणी माणसं असतात. "आता पुन्हा सुरू कर" हे सांगणं मात्र कोणाच्याच कामात मोडत नाही.

किती पुरेसं, याचा आकडा ठरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे, वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर बाईनं आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि त्यात ताकदीचे व्यायामही असावेत. कॅनडाच्या 2019 च्या सूचनाही 150 मिनिटंच सांगतात, ती निदान तीन दिवसांत वाटलेली असावीत असं म्हणतात, आणि अशा व्यायामानं गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्पसिया (रक्तदाब वाढून इतर अवयवांनाही बाधणारा गरोदरपणातला आजार) यांचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो असं नोंदवतात.

"चालते की" म्हणजे किती

कागद भरताना पहिली अडचण येते ती इथेच. बरोबरची खूण करावी की फुली, हे बाईलाच कळत नाही. मग आदल्या दिवसाची फोड करावी लागते. बोलणं साधारण असं होतं:

"काल कुठेकुठे चाललात?"

"कामावर जाऊन आले. शिवाय दिवसभर पायांवरच असते."

"घरातून निघाल्यावर बसपर्यंत किती वेळ?"

"सातेक मिनिटं."

"उतरल्यावर?"

"दोन मिनिटं. पुढे लिफ्ट."

"चालताना फोनवर बोलता?"

"हो, तेवढाच वेळ मिळतो. आईशी बोलते."

"बोलताना धाप लागते?"

"छे, अजिबात नाही."

जाताना नऊ, येताना नऊ, म्हणजे अठरा मिनिटं. पाच दिवसांची बेरीज 90. पण आईशी निवांत गप्पा मारता येत असतील तर तो वेग मोजणीत धरता येत नाही. मध्यम जोर म्हणजे वाक्य पूर्ण बोलता येतं, पण गाणं म्हणायला गेलं तर मध्येच श्वास घ्यावा लागतो. मोजूनच बघायचं असेल तर पंधरा सेकंदांत पडणारी पावलं मोजावीत. पंचवीसच्या आसपास आली, म्हणजे मिनिटाला शंभर, की बहुतेकींचा वेग बरोबर असतो. पोट वाढल्यावर त्याहून कमी पावलांतही तोच दम लागतो, तेव्हा पावलांपेक्षा बोलण्याची कसोटी खरी मानावी. त्या अठरा मिनिटांतली दहा जरी या वेगानं चालली, तर नवा वेळ न काढता आठवड्याची 50 मिनिटं हातात येतात. फोन उरलेल्या आठ मिनिटांत करावा.

नाडीचं काय, असं हमखास विचारलं जातं, कारण हल्ली मनगटावर घड्याळ असतं आणि ते ओरडतं. नाडी 140 च्या वर जाऊ देऊ नये, हा सल्ला अजून फिरतो. त्याचा उगम अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या, अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सच्या, 1985 च्या सूचनांत आहे. त्याच संघटनेनं ही मर्यादा 1994 मध्ये काढून टाकली. गरोदरपणात बसल्या जागीच नाडी मिनिटाला दहा ते वीस ठोक्यांनी जास्त असते, आणि जोर वाढवला तरी ती नेहमीसारखी वाढेलच असं नाही. त्यामुळे आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. मर्यादा मागे घेतल्याला तीन दशकं झाली, तरी 140 बघून थांबणाऱ्या बायका आहेत. थांबायचा सल्ला किती टिकाऊ असतो, याचा हा उत्तम नमुना.

"दिवसभर पायांवर" हा वेगळा प्रकार. आठ तास उभं राहण्यानं पाय सुजतात, पोटऱ्या दुखतात, संध्याकाळी जीव नकोसा होतो, पण हृदय आणि फुप्फुसांना त्यातून सराव मिळत नाही. अशा बाईला "संध्याकाळी अर्धा तास चाला" सांगणं म्हणजे तो सल्ला वाया घालवणं. तिला आधी वीस मिनिटं कुशीवर झोपू द्यावं, पाय उशीवर घेऊ द्यावेत, आणि चालणं सुट्टीच्या दिवसांत टाकावं. जिचं काम खरोखर अंगमेहनतीचं आहे, ओझी उचलण्याचं आहे, तिच्या कागदावर आम्ही चालण्याची मिनिटं वाढवतच नाही. तिला ओटीपोटाच्या तळाचे (लघवी अडवणाऱ्या स्नायूंचे) व्यायाम, पाठीचा ताण सैल करणं आणि विश्रांतीच पुरे.

पहिले तेरा चौकोन

बहुतेक फुल्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात लागते, नवव्याच्या सुमारास कळस गाठते आणि बहुतेकींची बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. थकवा त्याच काळातला. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि डुलक्या येतात, रक्ताचं प्रमाण वाढायला लागलेलं असतं, आणि बाहेरून पोट दिसत नसल्यामुळे कोणी काम कमी करून देत नाही.

या काळात 150 चा आकडा आम्ही काढतच नाही. पाच मिनिटं पुरे, मात्र ती रोजची. दिवसातला मळमळ सगळ्यात कमी असलेला तास शोधायचा. तो सकाळीच सापडेल असं नाही, काहींचा दुपारी चारचा असतो. पोट रिकामं असलं की मळमळ वाढते, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी थोडंसं कोरडं खावं. वाकून, डोकं खाली करून किंवा आडवं पडून करायचे प्रकार या दिवसांत वगळावेत, त्यांनी घशाशी येतं. चालताना उन्हाची आणि उग्र वासाची वाट टाळावी.

थकव्यासाठी दहा मिनिटांची चाचणी चांगली. हळू चालायला सुरुवात करावी. दहा मिनिटांनी बरं वाटलं किंवा फरक पडला नाही, तर पुढे जावं. आणखी गळून गेल्यासारखं झालं, तर घरी येऊन झोपावं आणि ते अपयश समजू नये. ही चाचणी सलग आठवडाभर फसली, तर प्रश्न इच्छेचा नसून रक्ताचा किंवा थायरॉइडचा असू शकतो. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर आधी लोहाचा उपचार, सोबत हलकं चालणं. 7 च्या खाली असेल तर व्यायामाचं नावच नको, आधी डॉक्टर. उलट्या इतक्या की वजन 5 टक्क्यांहून जास्त घटलं किंवा लघवी कमी आणि गडद होऊ लागली, तरी तेच.

हा आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पाच मिनिटं टिकवलेली बाई चौदाव्या आठवड्यात आपोआप पंधरावर जाते. पूर्ण बंद केलेली बाई चौदाव्या आठवड्यात "आता बघू" म्हणते आणि विसाव्यात आमच्यासमोर फुल्या मारत बसते.

दुसरं कारण भीतीचं. चालण्यानं, वाकण्यानं, जिना चढण्यानं गर्भ सुटेल ही भीती तर्कानं जात नाही, विशेषतः आधी एकदा गर्भपात झाला असेल तर. आम्ही काय होतं ते सांगतो: सुरुवातीच्या काळातल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त गुणसूत्रांतल्या दोषांमुळे होतात, आणि मध्यम जोराच्या व्यायामानं गर्भपाताचं किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण वाढत नाही. ऐकून बाई मान डोलावते आणि तरीही चालत नाही. ते तिच्या जागी बरोबरही आहे. तिला माहितीपेक्षा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून तिच्या गरोदरपणाबद्दलचं एक वाक्य हवं असतं. म्हणून पुढच्या तपासणीत विचारायचा प्रश्न कागदाच्या मागे लिहून देतो, अगदी शब्दशः: "मी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालू शकते का? नसेल तर कशामुळे, आणि कधीपर्यंत?" "काळजी घेऊ ना?" असं विचारलं तर उत्तर "हो, घ्या" एवढंच मिळतं.

कधीपर्यंत?

प्रश्नातला हा शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. विश्रांतीचा सल्ला सुरू होण्याच्या तारखेसह येतो, संपण्याच्या तारखेशिवाय.

वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं उदाहरण घ्या. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत "वार खाली आहे" असं लिहून येतं. घरी तो शब्द वाचला जातो आणि बाई पलंगावर जाते. प्रत्यक्षात गर्भाशय वाढतं तसं त्याचा खालचा भाग ताणला जातो आणि वार गर्भाशयाच्या तोंडापासून दूर सरकते. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या वारेपैकी दहातल्या साधारण नऊ पुढे वर गेलेल्या सापडतात. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात ती त्यासाठीच. वार तोंडावरच राहिली, तर सव्विसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर व्यायाम खरोखर बंद. पण त्याआधी रक्तस्राव नसताना हलकं चालणं चालेल का, हे विचारलंच जात नाही, आणि बत्तिसाव्या आठवड्यात वार वर गेल्याचं कळलं तरी पलंग सुटत नाही. तोवर पोटऱ्या बारीक झालेल्या असतात, जिना चढताना मांड्या थरथरतात, आणि ते थरथरणंच "बघा, झेपत नाही" याचा पुरावा ठरतं.

सतत पडून राहणं हा निरुपद्रवी मधला मार्ग आहे, असा समज आहे. तसं नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टाळण्यासाठी सरसकट दिलेल्या विश्रांतीचा उपयोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही. उलट गरोदरपणात शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट असतो, आणि पडून राहण्यानं तो आणखी वाढतो.

ज्यांना खरोखर थांबायचं आहे, त्यांची यादी छोटी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे: गर्भजल गळत असेल, अकाली कळा आल्या असतील, रक्तस्राव थांबत नसेल, गर्भाशयाचं तोंड सैल असेल, प्रीएक्लॅम्पसिया असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा थायरॉइड आटोक्यात नसेल. जुळ्या-तिळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच.

मधले महिने: दम, लघवी, वेळ

चौदा ते अठ्ठावीस हे आठवडे सगळ्यात सोयीचे, आणि इथेच सगळ्यात जास्त फुकट जातात. कारणं आता किरकोळ दिसतात, पण एकेक भारी पडतं.

दम लागणं हे पहिलं. प्रोजेस्टेरॉनमुळे मेंदू श्वास खोल घ्यायला सांगतो, त्यामुळे गरोदर बाईला आधीपेक्षा लवकर धाप लागल्यासारखं वाटतं, पोट दिसायच्या आधीपासून. पुढे गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलतं. पहिल्या मजल्यावर धाप लागली की ती समजते, आपली क्षमता गेली. गेलेली नसते. दोन मिनिटं थांबल्यावर श्वास पूर्ववत होत असेल तर काही बिघडलेलं नाही. बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, आडवं पडल्यावर गुदमरणं ही मात्र वेगळी गोष्ट, तिथे लगेच डॉक्टर.

लघवीचं कारण कागदावर कोणी लिहीत नाही, खोदून विचारावं लागतं. दर पाऊण तासानं जावं लागतं, शिंकताना थेंब येतात, रस्त्यावर स्वच्छतागृह नाही. मग बाई दोन गोष्टी करते, दोन्ही चुकीच्या: पाणी कमी पिते किंवा बाहेर पडत नाही. याला उपाय वाटेच्या आखणीचा आहे. एक लांब फेरी न करता घरापासून सात-आठ मिनिटांत परत येणारी गोल फेरी आखायची आणि तीच दोन-तीनदा करायची. प्रत्येक फेरीला घर मध्ये येतं. मिनिटं तेवढीच भरतात आणि धास्ती जाते.

थेंब येण्यावर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम. लघवी आणि वायू दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं, सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. अशा आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. चुका ठरलेल्या आहेत. श्वास रोखला जातो, नितंब आवळले जातात किंवा वर ओढायच्या ऐवजी खाली जोर दिला जातो. तिसरी चूक सगळ्यात वाईट, कारण तिनं त्रास वाढतो. ओळखायची खूण म्हणजे पोट बाहेर ढकललं जातं. श्वास सोडता सोडता ओढलं की ती चूक सहसा होत नाही. लघवी करता करता धार थांबवून सराव करू नये, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

वेळेबद्दल आम्ही वाद घालत नाही. पहिलं मूल दोन वर्षांचं असेल तर सलग अर्धा तास नसतोच. तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, पाच दिवस: 150 पूर्ण होतात. शिवाय जेवणानंतर चाललेली दहा मिनिटं रक्तातली साखर आवरायला जास्त कामाची. मूल कडेवर घेऊन चालू नये. एका बाजूला वजन आलं की पुढच्या परिच्छेदातलं दुखणं लवकर ओढवतं.

विजार चढवतानाची कळ

पाचपैकी साधारण एकीला कटिभागाचे सांधे दुखतात: पुढे जांघेच्या मधोमध किंवा मागे माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना. हे दुखणं कसं ओळखायचं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर पाच मिनिटं बाई ठीक चालते. घरी येते, उभ्यानं विजार चढवायला एक पाय उचलते आणि जांघेत कळ येते. अंथरुणात कूस बदलताना येते. गाडीतून उतरताना, जिन्यावर, पाळीपाळीनं एकेका पायावर भार आला की येते. म्हणजे त्रास चालण्यापेक्षा पाय फाकण्याचा आणि भार एकाच पायावर येण्याचा आहे. हे न कळल्यामुळे चालणं बंद केलं जातं आणि विजार मात्र तशीच उभ्यानं चढवली जाते.

उलट करावं. कपडे बसून घालावेत. कूस बदलताना दोन्ही गुडघे एकत्र जुळवून, लाटणं फिरतं तसं अख्खं अंग एकदम वळवावं. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल अशी उशी पायांत घ्यावी, नुसती गुडघ्यांत नको, नाहीतर खालचा पाय लोंबतो आणि सांधा ओढला जातो. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग उठणं. चालताना पावलं आखूड, फेरी दहा मिनिटांची, चढ टाळून. पाण्यातले व्यायाम उत्तम, फक्त बेडकासारखे पाय फाकून पोहू नये. कमरपट्टा काहींना चालतो, तो पोटाखालून कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. पोटावर बांधला तर काहीच उपयोग होत नाही. हे सगळं करून दोन आठवड्यांत उतार नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जावं.

विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर झोपून करायचे व्यायामही बदलावे लागतात. गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर येतो, हृदयाकडे रक्त कमी परततं, घाम सुटतो, गरगरतं. डाव्या कुशीवर वळलं की मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं. एकदा असं झालं की घाबरून सगळाच व्यायाम सोडला जातो. सोडायचा असतो फक्त पाठीवरचा. तोच कुशीवर, बसून किंवा भिंतीला टेकून होतो.

पुन्हा सुरू करायचं कोष्टक

फुल्या कितीही असोत, सुरुवात एकाच पायरीवरून. पहिल्या आठवड्यात 10 मिनिटं, तीन दिवस. दुसऱ्यात 15 मिनिटं, तीन दिवस. तिसऱ्यात 20, तीन दिवस. चौथ्यात 20, चार दिवस. पाचव्यात 25, चार दिवस. सहाव्यात 25, पाच दिवस. सातव्यात 30, पाच दिवस, म्हणजे 150. चौदाव्या आठवड्याला आरंभ केला तर विसाव्यात आकडा गाठतो. अठ्ठाविसाव्याला केला तरी चौतिसाव्यात गाठतो, फक्त तिथे वेग कमी ठेवावा लागतो.

मोडतं ते दोन ठिकाणी. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतं म्हणून थेट तीस मिनिटं, मग पोटऱ्या धरतात आणि आठवडा जातो. किंवा पाहुणे, सर्दी, परगावची फेरी यांनी खंड पडतो आणि "पुन्हा पहिल्यापासून" या विचारानंच सुटतं. खंडाचा हिशोब आम्ही आधीच लिहून ठेवतो: एक आठवडा गेला तर त्याच पायरीवर, दोन किंवा जास्त गेले तर दोन पायऱ्या खाली. ताप येऊन गेला तर पहिल्या पायरीवर.

ताकदीचे व्यायाम आठवड्यात दोन दिवस, पंधरा मिनिटं. चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून हात न टेकता उठबस, दहा वेळा. भिंतीवर हात टेकवून दंड, दहा वेळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं, दहा वेळा. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढणं, दहा वेळा. सगळ्याचे दोन फेरे. जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा. उठताना श्वास कोंडला की पोटातला दाब थेट ओटीपोटाच्या तळावर येतो आणि रक्तदाबही चढतो. खुर्ची बुटकी असेल तर उशी ठेवून उंच करावी, नाहीतर गुडघे आधी तक्रार करतात.

रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, ठरावीक अंतरानं कळा येऊ लागल्या, छातीत दुखलं, डोकं ठणकलं, चक्कर आली, तोल जाईल अशी पायांत कमजोरी वाटली, एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबून फोन करायचा. ही ओळ कागदाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात.

शेवटच्या ओळीतले चौकोन, म्हणजे एकतिसाव्यापासून पुढचे, बहुतेकींचे फुल्यांचेच असतात आणि त्यात फार ओढाताण करू नये. झोप तुटकी, पाय सुजलेले, पोट खाली उतरल्यावर जांघेत ओढ. दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम चालू राहिले तरी आम्ही बरोबरची खूण करतो.

कागद मात्र चाळिसाव्या चौकोनाशी संपवत नाही. खाली आणखी बारा आखतो आणि ते बाळंतपणाच्या आधीच भरून ठेवतो, कारण नंतर कागद शोधायलाही सवड नसते. साधं बाळंतपण झालं तर पहिल्या चौकोनात ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम आणि झेपेल तशी घरातली चाल. सिझेरियन झालं तर चालणं रुग्णालयातच सुरू होतं, पण बाळापेक्षा जड काही उचलणं आणि पोटाचे व्यायाम टाका भरून तपासणी होईपर्यंत नाहीत. पळणं आणि उड्या बाराव्या चौकोनानंतर. सहाव्या चौकोनात, तपासणीच्या आठवड्यात, "सुरू" असं लिहून शेजारी एका माणसाचं नाव घालतो. नवरा, बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल. त्या आठवड्यात बाळाला कोण धरणार हे त्या माणसानं ठरवायचं आणि "निघालीस का?" एवढंच विचारायचं. तारीख पेन्सिलीनं लिहिलेली बरी, ती पुढे सरकते.